सॉरी म्हटलं की फाईल बंद?

दादा (की ताई? नावावरून कळेना, चुकलं तर सांभाळून घ्या), तुमची कमेंट दोन दिवस डोक्यात फिरतेय. तुम्ही म्हणताय, "तुमच्यात बरंय, पाप करा, प्रार्थना करा, देवाने माफ केलं म्हणून मोकळे व्हा आणि वर देवाने मला कसं बदललं याची चारचौघांत साक्ष देत फिरा. ज्याचं नुकसान केलं त्याला कोणी विचारलं का?"

झोंबलं. कारण मागच्या वेळी मी आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराचे 38 हजार ऑनलाइन रमीत घालवल्याचं लिहिलं, रात्रभर रडल्याचं लिहिलं, क्षमेचं तर पानभर लिहिलं, आणि ज्या मित्राची खात्यावर माझ्याबरोबर सही होती, ज्याच्यावर मंडळीने (म्हणजे चर्चच्या लोकांनी) आधी संशय घेतला, त्याच्यावर फक्त एक ओळ. ते चुकलंच माझं.

पण सॉरी म्हटलं की फाईल बंद, हे मला बायबलमध्ये कुठे दिसत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच घ्या. येशूला धरून नेलं त्या रात्री 'मी याला ओळखत नाही' म्हणत त्याने येशूला तीनदा नाकारलं ते कुठे, तर प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव केलेला आणि हा त्यांच्यात उभा राहून शेकत होता. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय काढा, येशू मरणातून उठल्यानंतरचा. रात्रभर जाळं टाकून हात रिकामे, मग सकाळी 153 मासे, आणि किनाऱ्यावर येशूने शिष्यांसाठी न्याहारी मांडलेली, परत कोळशाच्याच विस्तवावर. मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी जो शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तोच धूर, तोच वास, पेत्राच्या पोटात काय झालं असेल विचार करा. येशू त्याला पेत्र पण म्हणत नाही, शिमोना म्हणतो, जुनं नाव, आणि विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, तेही एकदा नाही, तीनदा, तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय. याला सोपं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मला तरी ते जखम परत उघडून धुतल्यासारखं वाटतं.

आणि मिळालं काय? माझी मेंढरं राख. म्हणजे काम. बरं, त्यानंतरही गडी एकदम सरळ झाला असं नाही हां, अंत्युखियात यहुदी मंडळी आल्यावर परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या) पंगतीतून हळूच उठला आणि प्रेषित पौलाने त्याला तोंडावर झापलं, गलतीकरांच्या पत्रात आहे.

नुकसानभरपाईचं म्हणाल तर जक्कय. जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू त्याच्या घरी उतरतो म्हणाला तेव्हा त्याने दमडीही परत केली नव्हती, हे आधी. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलं त्याला चौपट, हे नंतर. क्रम महत्त्वाचा आहे, पण दुसरा भाग गाळायचा नाही, आणि मी नेमका तोच गाळला. उलट नुसते पैसे फेडून भागतं असंही नाही, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने त्याबद्दल मिळालेली 30 नाणी परत नेऊन टाकलीच होती की. पैसे परत गेले, हा येशूकडे परत गेला नाही.

आता माझं. एका रविवारी उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर उभा राहून मित्राचं नाव घेऊन सांगितलं की याचा काही संबंध नाही, सगळं मी केलं. गुडघे अक्षरशः लटपटत होते. महिन्याला 2 हजार याप्रमाणे 19 महिन्यांत फेडले. मित्राच्या घरी दोनदा गेलो, दुसऱ्यांदा त्याच्या आईने दारातूनच परत पाठवलं. देवाने मला माफ केलं यावर माझा विश्वास आहे, पण ते दाखवून त्याच्याकडे माफी मागायला मी जाणार नाही, तो त्याचा हक्क आहे, त्याला वाटेल तेव्हा, किंवा कधीच नाही.

साक्ष देत फिरतो म्हणालात, तेवढं मात्र खरं नाही. पाळकसाहेबांनी मला परत शिबिराला बोलावलं ते स्वयंपाकघरात. पैशाला हात लावायचा नाही, हे मीच सांगितलं. दोन पोती बटाटे सोलले, अंगठ्याला फोड आले. दुपारी वाढायला उभा होतो तर रांगेत तो, माझा मित्र. भाजी माझ्याकडे होती. त्याने ताट पुढे केलं नाही, फक्त भात घेतला आणि पुढे गेला.