मकुलेके लोकांनी जंगल राखलंच की!

‘जमीन मूळ रहिवाशांना परत दिली की अभयारण्य संपलंच समजा,’ हे अभयारण्यांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुवुवू नद्यांच्या बेचक्यात पाफुरी आहे. पिवळसर हिरव्या खोडांच्या झाडांचं रान. तिथल्या मकुलेके लोकांना 1969 मध्ये वर्णद्वेषी सरकारने हुसकावून लावलं. बंदुकीच्या धाकाने त्यांना स्वतःची घरं स्वतःच्याच हातांनी पेटवायला लावली! हे वाचलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. 1998 मध्ये त्यांना सुमारे 24 हजार हेक्टर जमीन परत मिळाली. त्यांनी तिथे ना नांगर घातला, ना वस्ती केली. मालकी गावाच्या सामुदायिक संस्थेची, संवर्धन राष्ट्रीय उद्यान विभागाच्या सोबतीने, आणि पर्यटन निवासांतून गावाला उत्पन्न व रोजगार. 2007 मध्ये तिथल्या पाणथळ जागेला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यताही मिळाली. अडचणी आहेतच. कोरोनात पर्यटक थांबले तसं उत्पन्नही आटलं, आणि सगळी भिस्त पर्यटनावर ठेवणं मलाही धोक्याचं वाटतं. पण म्हणून ‘लोकांना जंगल राखता येत नाही’ असं कसं म्हणता? ज्यांची घरं गेली, त्यांनीच ते राखलंय.