सव्वा युनिटाचा संसार

जुन्या व्हॅनची कॅम्पर करायचं ठरलं तेव्हा पलंग, ओटा आणि पडदे यांवर आमच्या घरात तीन रविवार चर्चा झाली. विजेचं काय, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "त्यात काय, एक बॅटरी टाकू." हे वाक्य सासरे अजूनही लग्नकार्यात ऐकवतात. ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. निवृत्त मंडळ झालं, ते नाही.

शेजारच्या काकूंनी पार्किंगमध्ये एकदाच विचारलं, "का हो, घरात वीज नाही का तुमच्या?"

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने गाडीत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. "साहेब, हे डीसी, बॅटरीची वीज. गाडीवाल्याचं काम." नाना पेठेतल्या गाडीवाल्या वायरमनने इन्व्हर्टर पाहून हात मागे घेतले. "हे दोनशे तीस व्होल्ट. घरवाल्याचं काम." राहता राहिलो मी.

मग अभ्यास. जो तो मला वीज पाण्यावरून समजावायचा: व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळाची धार, अँपिअर-अवर म्हणजे टाकीत मावणारं पाणी. पुणेकराला ही उपमा देऊ नये. आमच्याकडे टाकी उंच असते, नळही मोठा असतो, आणि टँकर कधी येणार ते वॉचमनला माहीत असतं.

लिथियमची बॅटरी आणली. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर. मी अभिमानाने गुणाकार केला: 1280 वॅट-अवर. बायकोने तो एक हजाराने भागला. "म्हणजे सव्वा युनिट? आपला गीझर तासाभरात दोन खातो." त्यानंतर त्या बॅटरीची किंमत मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

वायर आणायला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो.

"जरा जाड वायर द्या."

"जरा म्हणजे?"

मी चिमटीत अंतर दाखवलं.

"शेवया घ्यायला आलात काय? लोड किती? लांबी किती?"

मला दोन्ही सांगता येईना. "मग घरी विचारून या," म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मी शेजारच्या दुकानातून चार स्क्वेअर एमएमची वायर घेतली. घरच्या एसीला तीच आहे. एसीला चालते तर मिक्सरला का नाही?

का नाही, ते उद्‌घाटनाच्या दिवशी कळलं. बॅटरी मागच्या सीटखाली, इन्व्हर्टर पुढे, मध्ये चार मीटर. बायकोने भांड्यात ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर घातली आणि बटण फिरवलं. मिक्सरने एक घरघर काढली, इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडला आणि सगळं शांत झालं. बॅटरीचा आकडा 100 टक्के. पुन्हा बटण, पुन्हा टिटवी. चौथ्या खेपेला प्लास्टिक तापल्याचा वास आला. वायरला हात लावला आणि तोच हात कानाच्या पाळीला लावला.

सासऱ्यांनी मीटर मागवला. मिक्सर चालू असताना बॅटरीपाशी 12.8 आणि इन्व्हर्टरपाशी साडेदहा. "सव्वादोन व्होल्ट वाटेतच खाल्ले तुमच्या वायरने. 750 वॅटचा मिक्सर घरी तीन-सव्वातीन अँपिअर ओढतो. तेच बारा व्होल्टवर साठच्या वर. करा भागाकार." मी केला. गणित शाळेत होतं तेवढंच सोपं होतं, म्हणूनच जास्त लागलं. "आणि जावईबापू, फ्यूज कुठाय?"

"मिक्सरला कशाला फ्यूज?"

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. फ्यूज मिक्सरसाठी नसतो, वायरसाठी असतो, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर हवा, म्हणजे पुढे कुठेही वायर सोलली गेली तरी गाडी पेटत नाही. हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

इन्व्हर्टर बॅटरीशेजारी आला. पुन्हा तपकीर गल्ली. या वेळी मी परीक्षेला बसल्यासारखं एका दमात म्हणून टाकलं: "साठ-सत्तर अँपिअर, जाऊन-येऊन दोन मीटर, पंचवीस स्क्वेअर एमएमची केबल, टोकांना धातूचे लग्ज दाबून, म्हणजे क्रिंप करून." दुकानदार पहिल्यांदाच उठून आत गेले.

ताम्हिणी घाटात गेलो ते जुलैत. छपरावरच्या सोलर पॅनेलने दोन दिवस फक्त पावसाचं पाणी अडवलं. आम्ही मात्र टक्के जपत बसलो. पंखा लावला की एकजण आकडा वाचायचा, म्हणून पंखा लावला नाही. चटणी बायकोने घरूनच नेली होती.

परतलो तो गुरुवार. लिफ्ट बंद, जिना अंधारा. मी पिशव्या उतरवत होतो तेवढ्यात काकू खाली आल्या. हातात मिक्सरचं भांडं, त्यात भिजलेली डाळ, काखेत अख्खा मिक्सर.

"घरात वीज नाही हो," त्या म्हणाल्या.

मी दार उघडलं. "किती वॅटचा आहे?"