किमान सोळा, कमाल रामभरोसे

इंग्लंडात 1992 च्या नियमांप्रमाणे कामाच्या खोलीत 'वाजवी' तापमान लागतं. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांत बैठं काम असेल तर किमान 16 अंश, अंगमेहनतीचं असेल तर 13. मास्तर लोकही त्यातच आले. कमाल मर्यादा मात्र नाही. हे वाचून साहेबाबद्दल आपुलकीच वाटली; कमाल मर्यादा आमच्याकडेही नाही. किमान 16 चा नियम तर आमची शाळा एप्रिलमध्ये अडीचपटीनं पाळते.

शाळा विदर्भातली, जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, वर टिनं. शिक्षणहक्क कायद्याला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत लागते. इमारत टिकतेच की! आतल्यांचं कलमात काही नाही.

सकाळची शाळा म्हणून काय झालं, दहा वाजले की टिनं कडकड वाजायला लागतात. पोरं हळूहळू भिंतीकडे सरकतात. पंखा वरची गरम हवा तेवढी खाली पाठवतो, म्हणून लाइन गेली तरी कोणी हळहळत नाही. प्रत्येकाच्या खिशात आजीनं दिलेला कांदा. परीक्षेच्या खोलीला भज्यांच्या गाडीचा वास.

पेपरात प्रश्न होता : माणसाच्या शरीराचं सामान्य तापमान किती? एकानं लिहिलं, 'खोलीपेक्षा कमी.' मी पूर्ण गुण दिले.

हवामान खातं आपला तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतं. झरोके असलेली, हवेशीर, आत थेट ऊन नाही. वर्गात हे शिकवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्याले त्या पेटीत बसता येईन का?"

सरकारला आमचं ऊन ठाऊक नाही असं नाही बरं. 2025 साली बाकी महाराष्ट्राच्या शाळा 16 जूनला उघडल्या, विदर्भाच्या 23 ला. म्हणजे जूनमधलं ऊन ठाऊक आहे. त्याच वर्षी एप्रिलच्या परीक्षा मात्र सगळ्या राज्याला एकाच वेळापत्रकानं, 25 तारखेपर्यंत. कोकणातल्या पोराला आणि चंद्रपूरच्या पोराला समान संधी, घाम ज्याचा त्याचा.

त्यात निरोप आला, 'मुलांना उन्हात बाहेर सोडू नये.' मी आत पाहिलं, बाहेर पाहिलं. बाहेर निंब होता. पेपर निंबाखाली घेतला.

नेमके तेव्हाच वरचे साहेब तपासणीला आले. "पेपर वर्गातच घ्यायचा असतो, माहीत नाही का?" म्हणाले, दुपट्ट्यानं मान पुसली, आणि माझी खुर्ची ओढून सावलीत बसले.