ब्रेक कडक आहेत हो, पण टायरचं काय?

एक्सप्रेसवेवर डिपर मारत बुडाला चिकटून येणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं : "टेन्शन नको, आपले ब्रेक एकदम कडक आहेत." असतील ना! पण ब्रेक फक्त चाक धरतात. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो.

त्यात वेगाचं गणित भलतंच उलटं. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्यात, एक ताशी 80 ने, दुसरी 100 ने. दोघांनी एकाच क्षणी कचकन ब्रेक दाबले. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून 60 च्या वेगात असते. साठ! फरक फक्त वीसचा होता. आणि हे पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं. समोरचं दिसून पाय हलेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात 100 वाली गाडी 28 ते 42 मीटर पुढे गेलेली असते. हातात मोबाईल असेल तर विचारूच नका.

आपल्याकडे गाडी घेतली की आधी सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टीम, मग अलॉय. टायर मात्र "अजून एक पावसाळा काढतील". जरा खाली वाकून टायरच्या खाचेत बोट घाला. आत छोटे आडवे उंचवटे लागतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच 1.6 मिमीच उरली आणि टायर संपला. पाणी बाहेर फेकायला जागाच नाही. त्यात पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा जो राडा होतो, त्यावर कोरड्या रस्त्याच्या दुप्पट अंतर लागलं तरी नवल नाही.

गाडीत एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) आहे म्हणून निर्धास्त असणारेही खूप. एप्रिल 2019 पासून नव्या कारना ते सक्तीचं आहे, चांगलंच आहे. पण त्याचं मुख्य काम चाकं लॉक होऊ न देणं, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. खडीवर किंवा मातीवर उलट अंतर वाढूही शकतं. आणि एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं, तेव्हा घाबरून पाय काढायचा नसतो. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, सनरूफ मात्र तीनदा उघडून दाखवतात.

राहता राहिला घाट. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून खंडाळा उतरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आजच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे बचतही नाही, आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, जुन्या ब्रेक ऑइलने ओलावा धरलेला असतो, तो उकळून वाफ होते आणि पेडल भसकन खाली जातं. तरी गॅरेजमध्ये ऐकू येतंच : "ऑइल फुल आहे साहेब, कशाला बदलताय?"