ख्रिस हॉय आणि काढून घेतलेली शर्यत

जळगावात सायकलच्या मागच्या चाकाचा आऊट काढून घेत असताना मी आमच्या आप्पा मिस्त्रींना सहज सांगितले की, ट्रॅक सायकलला, म्हणजे उतरत्या कडांच्या बंदिस्त गोल धावपट्टीवर शर्यतीत चालवतात त्या सायकलला, ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरतच राहते. आप्पांच्या हातातला पाना थांबला. “मंग तो थांबस कसा?” पायांनीच पायडलला विरोध करत वेग उतरवायचा, हे माझे उत्तर त्यांना फारसे पटले नाही.

ट्रॅक सायकलिंगमध्ये ब्रिटनच्या ख्रिस हॉयचे नाव निघाले की लोक पदके मोजू लागतात: ऑलिंपिकची सहा सुवर्णे, एक रौप्य आणि ११ जागतिक विजेतेपदे. मोजायचेच झाले, तर त्याचाच ब्रिटिश सहकारी जेसन केनी सात सुवर्णांसह पुढे आहे. तरीही मी हॉयला वरचे स्थान देतो.

हॉयची शर्यत म्हणजे किलो; उभ्या जागेवरून सुटायचे आणि एकट्याने घड्याळाशी १००० मीटर झुंजायचे. २००४ साली अथेन्समध्ये सर्वांत शेवटी उतरून त्याने १ मिनिट ०.७११ सेकंदांची वेळ दिली आणि फ्रान्सच्या अर्नो तुर्नांला ०.१८५ सेकंदाने मागे टाकले. पुढच्याच वर्षी ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. (२००७ साली बोलिव्हियातील ला पाझच्या विरळ हवेत तो किलोचा विश्वविक्रम मोडायला गेला, तेव्हा तुर्नांच्याच ५८.८७५ सेकंदांपुढे त्याची वेळ ५८.८८० भरली. एवढ्या फरकाला आपल्याकडे हिशेबातही धरत नाहीत!)

एखादा खेळाडू तेथेच थांबला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. हॉय मात्र स्प्रिंट (दोघांची समोरासमोरची झुंज) आणि केरिन (वेग ठरवणाऱ्या मोटारसायकलच्या मागे काही फेऱ्या मारून मग सगळ्यांनी एकदम सुटायची शर्यत) यांकडे वळला, जेथे नुसत्या ताकदीवर भागत नाही. दुसऱ्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहायचे, त्याची चाल ओळखायची आणि नेमक्या क्षणी बाहेर पडायचे असते. एकट्याने धावायची सवय झालेल्या माणसाने तिशीच्या उंबरठ्यावर हे नव्याने शिकून घेतले आणि २००८ साली बीजिंगमध्ये स्प्रिंट, केरिन व सांघिक स्प्रिंट अशी तीन सुवर्णे जिंकली.

लंडनमधील २०१२ ची केरिनची अंतिम शर्यत मी आप्पांना मोबाइलवर दाखवली. शेवटच्या फेरीत जर्मनीचा मॅक्सिमिलियन लेव्ही पुढे सरकला, तेव्हा ३६ वर्षांचा हॉय संपला असे वाटते. पण तो आतल्या बाजूने पुन्हा वर आला आणि अंतिम रेषेवर पुढे होता. आप्पांनी तेवढा तुकडा परत लावायला सांगितला.