रेल्वेचा गेज घोड्याच्या पुठ्ठ्यावरून ठरलेला नाही

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. नव्वदच्या दशकात तो ईमेलवर फिरायचा, आता मराठी होऊन व्हॉट्सॲपवर फिरतो. सांगणं असं: रेल्वेचा ४ फूट ८½ इंचांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, रोमन युद्धरथांवरून आला. रोमनांनी रस्ते बांधले, रथांच्या चाकांनी दगडात खाचा पाडल्या, पुढे सगळ्यांना त्याच मापाच्या गाड्या कराव्या लागल्या, इंग्रजांनी त्याच मापाचे रूळ टाकले आणि अमेरिकेत नेले. रथाची रुंदी म्हणजे जोडीनं जुंपलेल्या दोन घोड्यांचे पुठ्ठे. आणि शेवटचा फटाका: स्पेस शटलच्या रॉकेटचा आकारसुद्धा त्याच पुठ्ठ्यांनी ठरवला. पुराव्यादाखल खाली फोटो, दगडी उंबरठ्यात पडलेल्या दोन खोल खाचांचा.

तो उंबरठा मी ओळखतो. इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवर हाऊसस्टेड्स नावाचा रोमन किल्ला आहे, त्याचा पूर्व दरवाजा. न्यूकॅसलला राहात असल्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेणं हे माझं कामच झालं आहे. मागच्या उन्हाळ्यात काका आले होते. भुसावळ विभागात पी-वे (रेल्वेमार्ग) इन्स्पेक्टर म्हणून जन्मभर रूळ तपासलेला माणूस. हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर त्यांनीच टाकला होता, त्यामुळे खाचा बघायचा उत्साह त्यांनाच जास्त.

गाडीतळापासून किल्ला दिसतो तो चढावर, गवतात पसरलेल्या राखाडी रेघांसारखा. मेंढ्यांमधून दहा-पंधरा मिनिटं चढायचं. वर पोहोचल्यावर सगळी जोतीच जोती: धान्यकोठारं, बराकी, मुख्य कचेरी, आग्नेय कोपऱ्यात शिपायांचे सामायिक संडास आणि पावसाचं पाणी साठवायची दगडी टाकी. काकांनी आधी टाकी पाहिली (गडावर गेल्यासारखंच), मग सरळ पूर्व दरवाजा गाठला आणि खिशातून टेप काढला.

"अरे, कुठून मोजू?" त्यांनी विचारलं.

या एका प्रश्नातच फॉरवर्डची अर्धी हवा जाते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ४ फूट ८½ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर, हे माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं. रुळाच्या डोक्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलं तर ते दीड मीटरच्या आसपास जातं. खाचांचं अंतर मात्र लोक सहसा मधून मध्ये मोजतात, कारण खाचेला कड अशी उरलेलीच नसते. उंबरठा शेकडो वर्षं झिजलाय, खाचा वर पसरट आणि तळाशी अरुंद आहेत. आतून धरा, मधून धरा, बाहेरून धरा, दर वेळी वेगळं उत्तर. त्यातलं सोयीचं एक निवडलं की "अर्ध्या इंचाचाही फरक नाही" असं लिहायला आपण मोकळे. काकांनी तिन्ही मापं घेतली, टेप गुंडाळला आणि म्हणाले, "अशा मोजणीवर आमच्याकडे मेमो मिळाला असता."

आता युद्धरथांचं. रोमन सैन्याकडे युद्धरथ नव्हतेच. रथ होते ते शर्यतीच्या मैदानात आणि विजययात्रेत. रथातून लढत होते ते समोरचे लोक: इ.स.पू. ५५ मध्ये सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला रथ भेटले ते ब्रिटनांचे, आणि इ.स. ८३ च्या सुमारास स्कॉटलंडातल्या मॉन्स ग्राउपियसच्या लढाईत रोमन इतिहासकार टॅसिटस रथ दाखवतो ते तिथल्या कॅलेडोनियनांचे. हाऊसस्टेड्सच्या दरवाजातून आत जायची ती रसद. आठशेच्या आसपास शिपाई आत राहणार, तेही पायदळ, आजच्या बेल्जियमच्या बाजूच्या तुंग्री लोकांतून उभं केलेलं. त्यांना धान्य लागणार, जळण लागणार, कातडी लागणार. ते सगळं बैलांच्या आणि खेचरांच्या गाड्यांतून येई. खाचा पडल्या त्या या ओझ्यानं.

रोमन रस्ते गुळगुळीत आणि एकाच मापाचे होते, हे फॉरवर्डमधलं आणखी एक गृहीतक. हाऊसस्टेड्सहून दोनेक मैलांवर विंडोलांडाचा किल्ला आहे. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं निघत आली आहेत, इ.स. १०० च्या आसपासची. त्यातल्या एकात ऑक्टेव्हियस नावाचा माणूस कँडिडसला पैशांसाठी तगादा लावतो, आणि जाता जाता सांगतो की कॅटरिक गावी पडलेली कातडी आणायला मी गेलोही असतो, पण रस्ते खराब असताना जनावरांना इजा नको म्हणून गेलो नाही. माझ्या दृष्टीने या एका वाक्यापुढे फॉरवर्डचे सगळे राजमार्ग फिके आहेत. रोमच्या बारा पाट्यांच्या जुन्या कायद्यात रस्त्याची रुंदी ठरवून दिली होती, सरळ भागात ८ फूट आणि वळणावर १६. पण चाकांमधल्या अंतराचा, सगळ्या साम्राज्याला लागू असा हुकूम काही मिळालेला नाही.

इथे फॉरवर्डला थोडं द्यायला हवं. एकदा चाकोरी पडली की मागून येणारी गाडी तिच्यातच जाते, हे आपल्याकडच्या गाडीवाटा पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. जनावरानं ओढायची, एका माणसानं भरायची-उतरायची गाडी कुठल्याही देशात साधारण पाच फुटांच्या आतबाहेरच होते. तेव्हा रोमन गाडी आणि खाणीतली गाडी जवळजवळ सारख्या मापाच्या निघाल्या तर त्यात नवल नाही. त्यासाठी मधली चौदाशे वर्षं एकच चाकोरी जपून ठेवावी लागत नाही, आणि ती कुणी जपलीही नाही. उलट इंग्लंडमध्ये १७५३ चा कायदा होता तो रुंद चाकांसाठी: गाडीला नऊ इंची पट्ट्यांची चाकं लावा, म्हणजे रस्त्यात खाचा पडणार नाहीत.

मुख्य पात्र रेल्वे इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन. त्याचा जन्म १७८१ चा, न्यूकॅसलच्या पश्चिमेला वायलम गावात, रोमन भिंतीच्या रेषेपासून फार दूर नाही. म्हणून कुणीतरी कथा जोडली की त्यानं हाऊसस्टेड्सच्या खाचा मोजून गेज ठरवला. पण त्याच्या जन्मघरासमोरून जो खाणमार्ग, म्हणजे खाणीतला कोळसा नेणारा रूळमार्ग, जायचा तो ५ फुटी होता. स्टीफन्सन पुढे किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता, तिथला मार्ग ४ फूट ८ इंचांचा. १८१४ मध्ये त्यानं तिथे पहिलं इंजिन चालवलं ते त्या रुळांवर, आणि तेच माप १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर नेलं. हाऊसस्टेड्समध्ये खोदकामाला सुरुवात झाली ती १८२२ च्या सुमारास, आणि किल्ल्याचा पूर्ण आराखडा बोझँकेट या उत्खननकर्त्यानं मोकळा केला तो १८९८ मध्ये. आधी रूळ, मग उत्खनन. शिवाय टाईन नदीकाठच्या त्या खाणमार्गांवर डबा ओढायला घोडा एकच असे, त्यामुळे दोन पुठ्ठ्यांचं गणित तिथेही बसत नाही.

मग अर्धा इंच कुठून आला? वळणांवर चाकांच्या कडा रुळांना घासत, म्हणून त्यांना थोडी मोकळीक देण्यासाठी तो वाढवला. काकांना हे सांगायची गरजच नव्हती. "वळणावर गेज सैल करतातच की," ते म्हणाले, आणि मग दहा मिनिटं एका वळणाबद्दल बोलत राहिले जिथे १९८७ मध्ये त्यांना रात्रभर उभं राहावं लागलं होतं. किल्ला बाजूलाच राहिला.

बरं, हे माप इतकं अटळ होतं तर ब्रुनेल या इंजिनिअरनं इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर १८३८ मध्ये ७ फुटांहून जास्त रुंद रूळ कसे टाकले? ते १८९२ पर्यंत चालू होते. १८४६ च्या ब्रिटिश कायद्यानं स्टीफन्सनचं माप पुढे केलं याचं कारण साधं होतं: तोपर्यंत त्या मापाचे रूळ कितीतरी पट जास्त पसरले होते. आयर्लंडमध्ये ५ फूट ३ इंच, रशियात ५ फूट. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही ५ फूटच, ते १८८६ मध्ये दोन दिवसांत सरकवून घेतले.

आणि आपण? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी गेली ती ५ फूट ६ इंचांवरून. हिंदुस्थानासाठी ४ फूट ८½ इंच सुचवला गेला होता, डलहौसीला ६ फूट हवा होता, वादावादीतून मधला आकडा निघाला. पुढे बार्शी लाइट २ फूट ६ इंचांची, माथेरानची २ फुटांची. पुठ्ठ्यांचा हिशेब लावायचा तर बार्शीला कुठलं जनावर जुंपलं होतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानंच सांगावं.

स्पेस शटलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याच्या बाजूच्या रॉकेटांचे तुकडे यूटाहून रेल्वेनं फ्लोरिडाला जात, हे खरं. त्यांचा व्यास सुमारे ३.७ मीटर, म्हणजे गेजच्या अडीच पटींहून जास्त. बोगद्यातून काय जाईल हे ठरतं बोगद्याच्या उंची-रुंदीवरून. आपला डबासुद्धा रुळांच्या बाहेर दोन्हीकडे चांगला हातभर आलेला असतो, फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही ते दिसतं.

खाचा मात्र जाऊन पाहाव्यात अशाच आहेत. उंबरठ्याच्या मधोमध दाराच्या फळ्या टेकायचा दगड आहे, बाजूला दाराचा खुंट फिरायची भोकं आहेत, आणि पाऊस पडून गेला की चाकोरीत पाणी साठून ती फोटोपेक्षा खोल वाटते. या दरवाजाला मुळात दोन वाटा होत्या. पुढे एक बुजवली, आणि दरवाजाच्या पहाऱ्याच्या खोलीत खोदताना दगडी कोळशाचा साठा निघाला, शिपायांच्या शेकोटीचा. हे काकांना सांगितलं तेव्हा ते उंबरठ्यावर बसून डब्यातली शेवटची दशमी खात होते.

"म्हणजे चाकोरी होती, कोळसा होता," ते म्हणाले. "इंजिन तेवढं यायचं राहिलं."