‘सून सगळे घेऊन गेली’ या दाव्याचा प्रतिवाद

सैनिकाला वीरमरण आले की पदक, पेन्शन आणि भरपाई सारे काही सून घेऊन जाते, दुसरे लग्न करून मोकळी होते आणि जन्मदात्यांच्या हाती काहीच उरत नाही, अशा आशयाचा मजकूर जुलै 2024 पासून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यासाठी कॅप्टन अंशुमन सिंह यांचा दाखला दिला जातो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच केली पाहिजे.

लष्कराच्या वैद्यकीय सेवेतील हे तरुण अधिकारी 19 जुलै 2023 रोजी सियाचिनमध्ये लागलेल्या आगीतून सहकाऱ्यांना बाहेर काढून, जीवरक्षक औषधे वाचवण्यासाठी पुन्हा धावले आणि परतले नाहीत. त्यांचे मरणोत्तर कीर्तिचक्र 5 जुलै 2024 रोजी राष्ट्रपती भवनात स्वीकारताना पत्नी आणि आई शेजारी शेजारी उभ्या होत्या. समारंभाचे चित्रण कोणालाही पाहता येते, त्यामुळे आईला तिथे डावलले गेले असे म्हणण्याला काही आधारच नाही.

पैशांबाबतचा दावाही टिकत नाही. लष्करी सूत्रांनी तेव्हा दिलेल्या माहितीनुसार सामूहिक विम्याचे 1 कोटी रुपये पत्नी आणि आई-वडील यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले, तर उत्तर प्रदेश सरकारच्या 50 लाखांपैकी 35 लाख पत्नीला आणि 15 लाख आई-वडिलांना मिळाले. पेन्शन पत्नीला मिळते हे खरे. पण विम्याचा वारस सैनिक स्वतः नेमतो, तर पेन्शनचा क्रम नियमाने ठरलेला असतो. सैनिक अविवाहित असेल तर त्याच नियमाने आई-वडिलांचा विचार होतो. सुनेने कोणाच्या ताटातले ओढून घेतले, असा अर्थ यातून निघत नाही.

सर्वांत अन्यायकारक भाग पुनर्विवाहाचा आहे. शौर्यपदकासोबत दरमहा मिळणारा भत्ता विधवेने दुसरे लग्न केल्यास पूर्वी बंद होत असे आणि तो चालू राहण्याची एकच वाट होती, ती म्हणजे दिराशी लग्न. नवऱ्याच्या पराक्रमाचा मान राखायचा तर बाईने त्याच घरात राहावे, हाच त्या अटीचा सरळ अर्थ होता. संरक्षण मंत्रालयाने ती नोव्हेंबर 2017 मध्ये रद्द केली आणि ते अत्यंत योग्य झाले. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये एका विधवेशी विवाह केला, त्या महाराष्ट्रात तरी विशी-पंचविशीतल्या वीरपत्नीने उरलेले आयुष्य एकटीने काढावे, ही अपेक्षा कोणी उघडपणे मांडू नये. कॅप्टन सिंह यांच्या पत्नीच्या छायाचित्राखाली इतके गलिच्छ लिहिले गेले की राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांकडे कारवाईची मागणी करावी लागली, हेही मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आई-वडिलांची व्यथा मात्र खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पदक एकच असते, ते एकाच घरी राहते, आणि सून माहेरी गेली की म्हाताऱ्या आईला मुलाच्या शौर्याची खूण हाताळायलाही मिळत नाही. त्यावर उपाय अवघड नाहीत: पालकांसाठी पदकाची अधिकृत प्रतिकृती असावी, राष्ट्रीय समर स्मारकावरील कार्यक्रमांचे त्यांना स्वतंत्र निमंत्रण जावे आणि जे मुलाच्या कमाईवरच अवलंबून होते त्यांना पत्नीच्या पेन्शनला हात न लावता सरकारने वेगळे निवृत्तिवेतन द्यावे. खासदारांकडे आणि संरक्षण मंत्रालयाकडे ही मागणी लावून धरता येईल, आणि तिच्यावर सुनेलाही आनंदाने सही करता येईल.